टाटा पॉवर सोलरमध्ये एवढे पैसे का घालतेय? आणि म्हणून आपणही घालावेत का?

मागच्या वर्कशॉपमध्ये चहाच्या सुट्टीत एक मुलगा माझ्यापाशी येऊन थांबला. वय चोवीस-पंचवीस, आयटीआय इलेक्ट्रिशियन, हाताला काम चांगलं. म्हणाला, "ताई, टाटा पॉवर, अदानी, रिलायन्स, सगळे सोलरमध्ये हजारो कोटी घालतायत. एवढी मोठी माणसं चुकतील का? मी पण घरांवर सोलर बसवायचं काम सुरू करतोय. आठ लाख लागतील. बाबा रिटायर झालेत, त्यांची एफडी आहे, ती मोडायची ठरलीये."

मी त्याला लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "टाटा पॉवर सोलरमध्ये का गेली ते माहितीये का तुला?" तो म्हणाला, "भविष्य आहे म्हणून." हे उत्तर चुकीचं नाही, पण या उत्तरावर बाबांची एफडी मोडता येत नाही. व्हिडिओमध्ये मी हा विषय घेतला, पण तिथे आकडे पटापट निघून गेले आणि बऱ्याच जणांनी ते लिहून मागितले. म्हणून हा लेख, जरा सावकाश.

टाटा पॉवरचीच गोष्ट का घेतली? कारण ती आपल्या घरातली आहे. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी निघाली आणि १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जायला लागली. सह्याद्रीवर पडणारा पाऊस धरणात अडवायचा, पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडायचं आणि त्यावर जनित्र फिरवायचं. पुढे भिवपुरी झालं, १९२७ साली भिरा झालं. म्हणजे कंपनीचा जन्मच अशा विजेवर झाला जिला इंधन विकत घ्यावं लागत नाही. कोळसा आणि तेल नंतर आलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता थेट मुंद्र्याला जाऊ, गुजरातच्या कच्छ किनाऱ्यावर. सोलरच्या लेखात कोळशाचा प्रकल्प कशाला, असं वाटेल. पण माझ्या मते टाटा पॉवरचं सोलर समजायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी लागते.

२००६ साली केंद्र सरकारने चार हजार मेगावॅटच्या एका प्रचंड औष्णिक प्रकल्पासाठी बोली मागवली. जो सगळ्यात स्वस्त वीज देईल त्याला काम. टाटा पॉवरने पंचवीस वर्षांची सरासरी काढून युनिटला २ रुपये २६ पैसे असा दर दिला आणि काम जिंकलं. गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान, हरियाणा आणि पंजाब या पाच राज्यांशी २००७ मध्ये वीजखरेदी करार झाले. कोळसा येणार होता बाहेरून, मुख्यतः इंडोनेशियातून. कंपनी काही भोळी नव्हती. कोळशाचा भाव वाढला तर आपल्याला झळ लागू नये म्हणून तिने २००७ मध्येच इंडोनेशियातल्या दोन कोळसा कंपन्यांमध्ये ३० टक्के हिस्सा घेऊन ठेवला होता.

तरी फसली. २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम बदलला. कोळसा यापुढे जुन्या ठरलेल्या भावाने नाही, तर आंतरराष्ट्रीय बाजारभावाशी जोडूनच विकायचा, आणि जुन्या करारांनाही २०११ पासून हे लागू. मुंद्र्याचं पहिलं युनिट सुरू झालं २०१२ मध्ये! म्हणजे दुकानाचं उद्घाटन व्हायच्या आधीच मालाचा भाव चढलेला, आणि विक्रीचा भाव मात्र पंचवीस वर्षांसाठी लिहून दिलेला. खाणीतल्या हिश्शातून नफा यायचा, पण तो ही तूट भरून काढायला पुरेना.

कंपनी दाद मागायला गेली. केंद्रीय वीज नियामक आयोगाने भरपाई देऊ केली, राज्यांनी त्याविरुद्ध अपील केलं, आणि शेवटी एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दुसऱ्या देशाने कायदा बदलला म्हणून कोळसा महागला, ही काही करारातून सुटण्याची सबब होत नाही. भाव तुम्हीच दिला होता, धोका तुम्हीच घेतला होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्या प्रकल्पाचा ५१ टक्के हिस्सा एक रुपयाला घ्या, असा प्रस्ताव कंपनीने वीज घेणाऱ्या राज्यांपुढे ठेवल्याची बातमी आली. एक रुपया! हजारो कोटींचा प्रकल्प. आणि घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

हे वाचताना मला माझं दुकान आठवतं. माझं फरसाणाचं दुकान आहे. २०२१ च्या दिवाळीनंतर मी एका कॅन्टीनला वर्षभर एकाच भावाने शेव-चिवडा द्यायचं लिहून दिलं. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून घरी पेढे वाटले होते. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, सूर्यफूल तेल अडकलं, सगळा भार पामतेलावर आला, आणि एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. तीन-साडेतीन आठवड्यांनी ती उठवली, पण तेवढ्यात माझ्या डब्यामागे चारशेच्या वर गेले होते. कॅन्टीनच्या मॅनेजरकडे गेले, त्याने करारावरची माझी सही दाखवली. त्याचं काही चुकलं नव्हतं. बीबीए करताना 'इनपुट कॉस्ट रिस्क' या विषयावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आहे, आणि तरीही! टाटा पॉवरला इंडोनेशियाच्या कोळशाने मारलं, मला इंडोनेशियाच्या तेलाने. त्यांचं नुकसान माझ्याहून कितीतरी मोठं, पण रोग एकच. विकायचा भाव बांधलेला, आणि सगळ्यात मोठ्या खर्चाचा भाव दुसऱ्याच्या हातात.

आता सोलरकडे वळू.

कोळशाच्या प्रकल्पात उभारणीला पैसा लागतोच, पण त्यानंतरही रोज कोळसा घ्यावा लागतो. तीस वर्षं रोज. सोलर प्रकल्पात जवळपास सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो: जमीन, पॅनेल, इन्व्हर्टर, तारा, लोखंडी सांगाडा. त्यानंतर पंचवीस वर्षं ऊन फुकट. धुणं-पुसणं, राखणदारी, मधूनच एखादा इन्व्हर्टर बदलणं, एवढाच खर्च. त्यामुळे तुम्ही पंचवीस वर्षांचा विक्रीदर बांधून दिलात तरी इंडोनेशिया तुमचं काही वाकडं करू शकत नाही. मुंद्र्याने पोळलेल्या कंपनीला हे किती मोलाचं वाटलं असेल, विचार करा.

पण मग सगळ्यांनी आधीच सोलर का नाही केलं? कारण ते महाग होतं. २०१० साली केंद्राचं राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा पहिल्या फेरीच्या बोलीत सोलर विजेचा दर युनिटला साधारण ११ ते १३ रुपये निघाला होता. मे २०१७ मध्ये राजस्थानच्या भादला सोलर पार्कसाठी बोली लागली ती २ रुपये ४४ पैशांवर. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातमध्ये १ रुपया ९९ पैसे. त्यानंतर दर परत थोडे वर सरकले, पण अकरा रुपयांचे दिवस गेले ते गेलेच. चीनने पॅनेलचे कारखाने अशा प्रमाणात उभे केले की जगभर भाव कोसळले.

या भाव कोसळण्यात एक जोडी फुटली, ती गोष्ट मला फार आवडते. १९८९ साली टाटा पॉवर आणि ब्रिटनची तेल कंपनी बीपी यांनी मिळून टाटा बीपी सोलर काढली, बंगळुरूला. वर्षानुवर्षं धंदा लहानच होता. सौर दिवे, पाणी तापवायचे बंब, गावोगावची छोटी कामं. २०११ च्या अखेरीस बीपीने ठरवलं की सोलरमध्ये आता पैसा नाही, पॅनेल म्हणजे बाजारात कुठेही मिळणारा स्वस्त माल झालाय, आपण बाहेर पडू. चाळीस वर्षं सोलरमध्ये असलेली कंपनी बाहेर पडली. आणि टाटा पॉवरने तिचा हिस्सा विकत घेतला. २०१२ मध्ये कंपनीचं नाव टाटा पॉवर सोलर झालं.

आता गंमत बघा. दोघांसमोर आकडा एकच होता: पॅनेलचा भाव पडतोय. बीपी त्याकडे पॅनेल विकणाऱ्याच्या नजरेने बघत होती, तिला त्यात मरण दिसलं. टाटा पॉवर ही मुळात वीज विकणारी कंपनी. तिच्यासाठी पॅनेल हा कच्चा माल. कच्चा माल स्वस्त झाला की वीज विकणारा खूश! एकाच बातमीने एक दुकान बंद होतं आणि शेजारचं चालायला लागतं, हे आपण बाजारपेठेत रोज बघतो. कांदा पडला की शेतकरी रडतो आणि भजीवाला हसतो.

टाटा पॉवरने स्वतःचे प्रकल्प लहानापासून सुरू केले. २०११ मध्ये मुळशीला ३ मेगावॅट. २०१४ मध्ये सातारा जिल्ह्यात पळसवडीला २८.८ मेगावॅट. मग २०१६ मध्ये एकदम मोठी उडी. वेलस्पनचा तयार अपारंपरिक ऊर्जेचा पोर्टफोलिओ विकत घेतला, १,१४० मेगावॅटचा, त्यातले ९९० मेगावॅट सोलर. व्यवहार सुमारे ९,२४९ कोटींचा, त्यात त्या कंपनीवरचं कर्जही धरलेलं. तयार प्रकल्प घेण्यात एक सोय असते. जमीन मिळालेली, तार जोडलेली, करार झालेला, वीज विकली जातेय. चालू दुकान गिऱ्हाइकासकट घेण्यासारखं.

खरा खेळ व्याजाचा

इथे जरा वही-पेन घ्या. व्हिडिओत हाच भाग सगळ्यात जास्त जणांना कळला नव्हता.

समजा एक मेगावॅटचा प्रकल्प आहे. हिशोब सोपा राहावा म्हणून उभारणीचा खर्च ४ कोटी धरू. वर्षाचे तास ८,७६०. पण ऊन रात्री नसतं, ढगात नसतं, सकाळ-संध्याकाळ कमी असतं, म्हणून पूर्ण क्षमतेच्या साधारण १८ टक्केच वीज मिळते असं धरू. म्हणजे वर्षाला सुमारे १५ लाख ७७ हजार युनिट. युनिट अडीच रुपयाने विकलं तर वर्षाची विक्री साधारण साडेएकोणचाळीस लाख.

४ कोटींपैकी ३ कोटी कर्ज, अठरा वर्षांत फेडायचं. व्याज ९ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता येतो साधारण सव्वाचौतीस लाख. हातात राहतात पाच लाख. त्यात झाडलोट, विमा, राखण बसवायची. आता व्याज ११ टक्के करा. हप्ता होतो जवळजवळ एकोणचाळीस लाख. हातात राहतात पन्नास हजार. संपला धंदा!

ऊन तेच, पॅनेल तेच, गिऱ्हाईक तेच. फक्त व्याजाच्या दोन टक्क्यांनी प्रकल्प जगला किंवा मेला. कोळशाच्या धंद्यात कोळशाचा भाव जो राज्य करतो, तोच सोलरमध्ये पैशाचा भाव करतो. म्हणून मोठ्या कंपन्या सोलरमध्ये सगळ्यात जास्त डोकं कुठे लावतात, तर स्वस्त आणि दीर्घ मुदतीचा पैसा मिळवण्यात. २०२२ मध्ये ब्लॅकरॉक रिअल ॲसेट्स आणि अबू धाबीची मुबादला यांच्या गटाने टाटा पॉवर रिन्यूएबल या उपकंपनीत ४,००० कोटी घातले, साधारण साडेदहा टक्के हिश्शासाठी. आपल्याला बँक पहिल्या कर्जाला घराची कागदपत्रं मागते, आणि इकडे पैसा स्वतः दार वाजवतो. 'शाश्वत विकास' हा शब्द इथे कामाला येतो. जगातल्या बऱ्याच मोठ्या निधींना आता प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत पैसा अडकवायचा नसतो, त्यांना हरित प्रकल्प हवे असतात. २०४५ पर्यंत नक्त शून्य कार्बनवर येण्याचं ध्येय टाटा पॉवरने जाहीर केलंय, त्यात पर्यावरणाची कळकळ किती ते मला मोजता येत नाही, पण ज्या धंद्याचा सगळ्यात मोठा खर्च पैसाच आहे त्या धंद्यात असं ध्येय जाहीर करणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे, एवढं नक्की.

आणि हेही सांगून टाकते, म्हणजे कोणी गैरसमज करून घेऊ नये: टाटा पॉवरची बरीच वीज आजही कोळशातूनच येते. मुंद्रा उभं आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेची ओढाताण झाली तेव्हा केंद्राने आयात कोळशावरचे असे प्रकल्प पूर्ण चालवायचे आदेश काढले होते.

सगळंच गोड नाही

मुळशीचं नाव वर आलं. तिथला इतिहास माहीत नसेल तर वाचा. याच कंपनीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या, त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी, तिथूनच ते सेनापती बापट झाले. सत्याग्रह हरला, धरण झालं, भातखाचरं पाण्याखाली गेली. त्या धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला होणाऱ्या विजेला आज आपण 'स्वच्छ ऊर्जा' म्हणतो. धूर नाही हे खरंच. पण ज्याची जमीन गेली त्याच्या हिशोबात ती स्वच्छ कुठे?

सोलरलाही जमीन लागते, भरपूर लागते. राजस्थान आणि कच्छमध्ये विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या असा आदेश झाला, मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सगळीकडे पाळणं अवघड आहे हे मान्य करून बदलला आणि तज्ज्ञ समिती नेमली. नान्नजच्या माळावर माळढोक बघायला सोलापूरकर अभिमानाने पाहुण्यांना न्यायचे, तोच हा पक्षी. शाश्वत विकास म्हणजे नुसतं धूर न सोडणं नाही, हे या दोन गोष्टींवरून कळतं. कंपन्यांच्या अहवालात हिरव्या पानांचे फोटो असतात तिथे ही पानं सहसा नसतात.

दुसरी अडचण सगळ्यांना दिसणारी. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर, एसी लागतात आणि नेमका तेव्हा सूर्य गेलेला असतो. यावर टाटा पॉवरचं उत्तर बघा, तिच्या जन्माची आठवण करून देणारं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने महाराष्ट्र सरकारशी दोन पंप्ड स्टोरेज प्रकल्पांचा सामंजस्य करार केला: पुणे जिल्ह्यात शिरवता १,८०० मेगावॅट, रायगडमध्ये भिवपुरी १,००० मेगावॅट, मिळून सुमारे १३,००० कोटी. कल्पना साधी. दुपारी सोलरची वीज जास्त आणि स्वस्त असते, तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून वीज करायची. सह्याद्रीचा कडा म्हणजे मोठी बॅटरी! शंभर वर्षांपूर्वीचीच जागा, नवा उपयोग.

तिसरी अडचण सरकारी धोरणाची. एप्रिल २०२२ पासून केंद्राने आयात पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावलं. चिनी पॅनेलवर हिशोब बांधलेल्यांची रात्रीत झोप उडाली. टाटा पॉवरने तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ स्वतःचा ४.३ गिगावॅटचा सेल आणि पॅनेलचा कारखाना उभारला, सुमारे ४,३०० कोटींचा, त्याला अमेरिकेच्या सरकारी वित्तसंस्थेकडून ४२.५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. मुंद्र्याला कच्च्या मालाने दगा दिला, इथे कच्चा माल घरातच बनवायला घेतला. हा डाव बरोबर ठरेल का? पॅनेलचा भाव अजून पडला आणि सीमाशुल्क उतरलं तर हाच कारखाना ओझं होऊ शकतो. बीपी ज्या खड्ड्याला घाबरून पळाली तो खड्डा अजून तिथेच आहे.

मग आपलं काय?

आता त्या मुलाकडे येऊ. तो वीज विकणार नाहीये. तो सोलर बसवून देणार आहे. दोन्हीला आपण 'सोलरचा धंदा' म्हणतो, पण दोघांचे धोके उलटे आहेत. वीज विकणाऱ्याचा खर्च एकदाच होतो आणि विक्री पंचवीस वर्षं चालते. बसवणाऱ्याची विक्री एकदाच होते आणि खर्च मागे लागतो.

तो म्हणाला, पीएम सूर्यघर योजनेमुळे गिऱ्हाईक भरपूर आहे. खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या योजनेत घरगुती ग्राहकाला दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार अनुदान आहे. पण नीट बघा, अनुदान ग्राहकाच्या खात्यात जातं, तुमच्या नाही. ग्राहक म्हणतो, "अनुदान आलं की उरलेले देतो." नेट मीटर लागल्याशिवाय अनुदान नाही, मीटर कधी लागेल ते तुमच्या हातात नाही. तोवर पॅनेलचे पैसे तुम्ही होलसेलरला रोख दिलेले. तीन किलोवॅटची चार-पाच घरं अशी अडकली की आठ लाख कुठे गेले कळणारही नाही. तोटा झालेला नसतो हो, नफाच झालेला असतो कागदावर, पण पैसे गल्ल्यात नसतात.

दुसरं, अनुदानाच्या कामाला देशात बनलेले सेल असलेलीच पॅनेल लागतात. ती आयात मालापेक्षा महाग, आणि मागणी वाढली की मिळत नाहीत. तुम्ही महिनाभरापूर्वी दिलेलं कोटेशन आणि आजचा भाव यात फरक पडला तर तो कोणी सोसायचा? आणि तिसरं, जे कोणी सांगत नाही: या योजनेत बसवणाऱ्याला पाच वर्षं देखभाल द्यावी लागते. म्हणजे २०२६ मध्ये घेतलेल्या पैशात २०३१ पर्यंत माकडाने वायर ओढली तरी तुम्हीच जायचं. पेट्रोल तेव्हाच्या भावाने. हे आमचं कॅन्टीनचं कंत्राटच झालं की!

दुकानदारांसाठी वेगळं सांगते, कारण "ताई, दुकानावर सोलर बसवू का" हा प्रश्न रोज येतो. सूर्यघरचं अनुदान घरगुती जोडणीला आहे, दुकानाला नाही. पण दुकानाचा वीजदर घरापेक्षा जास्त असतो आणि दुकान दिवसा चालतं, त्यामुळे बचत चांगली होते. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा, पावसाळ्यात कमी. सावली नसलेलं साधारण शंभर चौरस फूट छत लागतं. सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, बसवण्याच्या कामासकट बिल केलं तर एकूण बिलावर मिळून ८.९ टक्के पडतो.

एजंट तुम्हाला म्हणेल, "वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, टॅक्स वाचतो." नियम खरा आहे. पण तुम्ही जर अंदाजित नफ्यावर रिटर्न भरत असाल, आणि आपल्यातले बहुतेक छोटे दुकानदार तसंच भरतात, तर घसारा वेगळा वजा करता येत नाही, तो त्या अंदाजात धरलेलाच असतो. तसंच जीएसटी कंपोझिशनमध्ये असाल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट नाही. म्हणजे एजंटच्या कागदावरचे हे दोन फायदे तुमच्यासाठी शून्य असू शकतात. ते खोडून उरलेल्या आकड्यावर पैसे किती वर्षांत वसूल होतात ते बघा, आणि सीएला पाच मिनिटं विचारा. नेट मीटरचे आणि वेळेनुसार दराचे नियमही बदलत असतात, वीज कार्यालयातून आजचे नियम विचारून घ्या, मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर जाऊ नका. माझ्यासुद्धा!

मी स्वतः दुकानावर सोलर बसवलंय का? नाही. दुकान भाड्याचं आहे, छत मालकाचं, करार तीन वर्षांचा. पंचवीस वर्षं चालणारी वस्तू तीन वर्षांच्या छतावर ठेवायची नसते. घराच्या छतावर मात्र तीन किलोवॅट आहे.

तो मुलगा दोन आठवड्यांनी परत भेटला. एफडी मोडली नव्हती. तालुक्यातल्या एका नोंदणीकृत व्हेंडरकडे तो आता फिटिंगचं काम किलोवॅटमागे ठरवून घेतोय. माल व्हेंडरचा, जोखीम व्हेंडरची, हात याचे. आणि सोबत एक छोटं काम सुरू केलंय: लावलेली पॅनेल धुऊन द्यायची, वर्षाची वर्गणी आगाऊ घेऊन. धूळ बसली की वीज घटते, आणि सत्तरीच्या काकांना शिडी चढून छतावर जाता येत नाही. एकवीस घरं झालीत म्हणाला. पुढच्या वर्षी स्वतःची नोंदणी करायचा विचार आहे. कोटेशनचा नमुना दाखवायला आणला होता. मी चष्मा लावून सगळ्यात आधी शेवटची ओळ बघितली. त्याने लिहिलं होतं: 'हा दर ७ दिवसांसाठी वैध. पॅनेलचे पैसे आगाऊ.'